तिनातले दोन

भारतातला पहिला कॉम्प्युटर कोणता, या वादात आमच्या देवनारच्या सोसायटीत किती चहा थंड झाला असेल त्याला गणती नाही. वाद घालणारे तिघे. दुसऱ्या मजल्यावरचे नाना भौतिकशास्त्राचे, सारी नोकरी ट्रॉम्बेला झालेली. तळमजल्यावरचे काका व्हीजेटीआयचा डिप्लोमा करून ट्रॉम्बेलाच इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागलेले. आणि टेलिकॉम फॅक्टरीतले भाऊ. त्यांचा कॉम्प्युटरशी थेट संबंध कधी आला नाही, पण वादाशी कायम आला. नाना टिफ्रॅकच्या बाजूचे, काका टीडीसी-१२च्या, आणि भाऊ जो हरत असेल त्याच्या.

बाहेरच्यांना देवनार म्हटलं की १९२७पासूनची कचराभूमी आणि १९७१चा कत्तलखाना एवढंच आठवतं. गोवंडी स्टेशनला उतरून पूर्वेकडचा वास अंगावर घेतला की पाहुण्यांचं मत पक्कं होतं. पण सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या आजूबाजूला स्वातंत्र्यानंतर एक निराळंच गाव वसत गेलं. १९५४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथे आली. लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था इथेच उभी राहिली. टेकडीपलीकडे अणुभट्ट्या, अलीकडे अणुशक्तीनगर. पगाराची स्लिप सरकारी, डबा घरचा आणि कामाचं कुठे बोलायचं नाही, अशी माणसं इथल्या इमारतींत राहू लागली. निवृत्त झाल्यावर मात्र ती बोलू लागली, आणि मी ऐकत गेले.

मी स्वतः तीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली निम्मी सिस्टिम आर्किटेक्ट म्हणून. यंत्रणा बांधायच्या आधी ती कुठे कुठे मोडेल हे सांगायचं, हे माझं काम. त्याचं शिक्षण कॉलेजात झालं असं कागदोपत्री दिसतं. खरं बरंचसं झालं ते या तिघांच्या आणि माझ्या एका मावशीच्या गप्पांत.

आधी तो वाद मिटवून टाकू. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. देशात पहिला अंकीय संगणक आला तो विलायतेहून, १९५५-५६च्या सुमारास, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. त्याचं नाव एचईसी-२एम. देशात बांधलेला पहिला म्हणजे नानांचा टिफ्रॅक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या हाताखाली तरुण पोरांनी तो बांधला. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. १९५६ साली प्रायोगिक यंत्र चालू झालं, १९६० साली पूर्ण यंत्र. आत सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, आणि स्मरण ४० बिटांच्या २,०४८ शब्दांचं. १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन करायला पंडित नेहरू आले तेव्हा त्याचं रीतसर बारसं झालं. कलकत्त्याच्याच सांख्यिकी संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर १९६६ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा इसिजू तयार केला. आणि १९६९ साली आमच्या टेकडीमागे भाभा केंद्रात टीडीसी-१२ झाला. काकांचा मुद्दा असा, की बाकीचे एकेकटे राहिले, याचा मात्र वंश वाढला. त्याआधी दोन वर्षं, १९६७मध्ये, ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच ए. एस. राव यांच्या पुढाकाराने हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली होती. तिथे हे यंत्र कारखान्यात बनू लागलं. पुढे ३१२ आणि ३१६ ही त्याची भावंडं आली. काकांच्या बरोबरीचे कितीतरी जण बिऱ्हाडं उचलून तिकडे गेले. काका गेले नाहीत. काकूंना हैदराबादचं पाणी मानवणार नाही, हे त्यांचं अधिकृत कारण.

नाना टिफ्रॅकबद्दल कितीही बोलले तरी त्यांचा खरा संसार झाला तो १९६४ साली कुलाब्याला आलेल्या सीडीसी-३६०० या अमेरिकी यंत्राशी. देशभरचे शास्त्रज्ञ त्यावर आपापली गणितं सोडवायला पाठवत. नाना फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहीत, तो कार्डांवर पंच होई, एका ओळीला एक कार्ड. मग कार्डांचा खोका बगलेत मारून ट्रॉम्बेहून कुलाबा गाठायचं. खोका खिडकीवर द्यायचा आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी छापील कागदांची घडी हातात पडे. एखादा स्वल्पविराम राहिला असेल, तर त्या घडीत उत्तराऐवजी फक्त चूक दाखवलेली असे. म्हणजे पुन्हा एक कार्ड बदला, पुन्हा कुलाबा.

"म्हणून आम्ही कागदावर तीन-तीनदा तपासायचो," नाना म्हणत. "तुमच्यासारखं चालवून बघू, नाही चाललं तर दुरुस्त करू, असलं नव्हतं."

एका पावसाळ्यात बसच्या पायरीवर त्यांच्या हातून खोका सुटला. शेकडो कार्डं फुटपाथवर पसरली. एखाद्या नवख्याचे आठ दिवस त्यात गेले असते. नानांनी ती गोळा केली आणि अर्ध्या तासात पुन्हा लावून टाकली, कारण गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर त्यांनी शाईने एक तिरकी रेघ ओढून ठेवली होती. कार्डं क्रमात असली की रेघ सरळ दिसते. एक जरी इकडचं तिकडे झालं की तुटते. कार्डावर ८० रकाने असत. फोरट्रान त्यातले पहिले ७२च वाचे. उरलेल्या आठांत क्रमांक घालायची सोय होती, तेही त्यांनी केलेलं असे. रेघही आणि क्रमांकही. मी विचारलं, दोन्ही कशाला? तर म्हणाले, "क्रमांक यंत्रासाठी. रेघ माझ्यासाठी."

काकांची गोष्ट निराळी. त्यांना गणिताशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं यंत्र चालू राहायला हवं होतं. टीडीसी-१२मध्ये १२ बिटांचे ४,०९६ शब्द मावत. आजच्या भाषेत सहा किलोबाइट. सकाळी नातेवाइकांकडून येणाऱ्या फुलांच्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. हे स्मरण फेराइटच्या कड्यांचं असे. एकेक कडं मोहरीच्या दाण्याएवढं, त्यातून हातांनी ओवलेल्या तीन-चार बारीक तारा. एका कड्यात एक बिट. ४,०९६ गुणिले १२ म्हणजे ४९,१५२ कडी. तारेतून वीज एका दिशेने गेली की कडं एका बाजूने चुंबकित होई, उलट गेली की दुसऱ्या. एक बाजू म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक.

या कड्यांचे दोन गुण काका रंगवून सांगत. पहिला: वीज गेली तरी ती विसरत नसत. दिवे गेले, परत आले, की काम जिथे होतं तिथून पुढे नेता येई. दुसरा मात्र विचित्र. कड्यात काय आहे हे बघायचं तर ते शून्याच्या बाजूला ढकलूनच बघावं लागे. ढकलताना ते उलटलं, तर आधी तिथे एक होता. म्हणजे वाचलं की पुसलं जाई. म्हणून प्रत्येक वाचनापाठोपाठ यंत्र तेच पुन्हा लिहून ठेवी. नेमकं मध्येच काही बिघडलं, तर तेवढी एक आठवण कायमची जाई.

पण काकांकडून मी जे सर्वांत मोठं घेतलं ते कॉम्प्युटरचं नव्हतंच. ते अणुभट्टीच्या नियंत्रणाचं होतं. कुठल्या भट्टीचं, कुठल्या खोलीतलं, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. तत्त्व तेवढं सांगितलं, तेही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलेलं आहे म्हणून. ते असं. भट्टीतलं तापमान, दाब, न्यूट्रॉनांचं प्रमाण हे सतत मोजावं लागतं. एखादं माप मर्यादेबाहेर गेलं की भट्टी आपोआप बंद पडली पाहिजे. आता मोजणारं उपकरण एकच ठेवलं आणि ते गुपचूप बिघडलं, तर कळणारच नाही. दोन ठेवली आणि दोघांत तंटा झाला, तर विश्वास कुणावर ठेवायचा? कुठल्याही एकाच्या सांगण्यावरून बंद करावं, तर बिघडलेलं उपकरण दर आठवड्याला भट्टी बंद पाडेल. दोघांचं एकमत होईपर्यंत थांबावं, तर एक मुकं झालं की दुसऱ्याची ओरड वाया. म्हणून तीन ठेवायची, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि तिनातली दोन म्हणाली की बंद करायचं. शिवाय एक उपकरण दुरुस्तीला काढलं तरी उरलेली दोन काम करतात.

"तिनातले दोन," काका तीन बोटं वर करून त्यातलं एक मिटत.

दुसरा धडा रिलेचा. भट्टी चालू ठेवायला रिले उचललेला असावा लागतो, आणि तो उचलून धरायला वीज लागते. वीज गेली की रिले पडतो, भट्टी बंद होते. म्हणजे काहीही बिघडलं तरी यंत्रणा आपसूक सुरक्षित बाजूलाच पडते. पुढे मी कुठल्याही नव्या प्रकल्पाचं सांगायला गेले की काकांचा एकच प्रश्न ठरलेला असे: "पडलं तर कुठल्या बाजूला पडेल?" भल्याभल्या सल्लागारांनी मोठमोठे तक्ते दाखवून जे विचारलं नाही, ते हे निवृत्त गृहस्थ चाळीच्या भाषेत विचारत.

मावशीची जागा या तिघांच्या मैफलीत नव्हती. ती फोर्टातल्या एका मोठ्या विमा कचेरीत मशीन खात्यात पंच ऑपरेटर होती. त्या खोलीत ओळीने पंचिंगची यंत्रं, समोर फॉर्मांचा ढीग, आणि दिवसभर असा खडखडाट की घरी आल्यावर तिला आमचं बोलणं पहिल्या खेपेला ऐकूच येत नसे. ताशी किती कळा दाबल्या त्यावर पारख होई. खराब झालेली कार्डं ती घरी आणी. आम्ही मुलं त्यांची पुस्तकात खूण ठेवायचो. आई मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करायची.

आता या कामातलं कसब. एक मुलगी फॉर्म बघून कार्ड पंच करी. मग ते कार्ड आणि तोच फॉर्म दुसऱ्या मुलीकडे जाई. तिच्या यंत्राला व्हेरिफायर म्हणत. ती तेच सगळं पुन्हा टाइप करी, पण यंत्र भोक पाडत नसे. आधीच पडलेलं भोक आणि आत्ताची कळ जुळतात का एवढंच बघे. जुळलं नाही की यंत्र अडे, दिवा लागे. तीन वेळा करूनही नाही जुळलं, तर त्या रकान्याच्या डोक्यावर कार्डाच्या वरच्या कडेला खाच पडे. संपूर्ण कार्ड बरोबर असलं तर खाच उजव्या कडेला. त्यामुळे तपासलेला गठ्ठा हातात घेऊन उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, की न तपासलेलं एखादं कार्ड मध्ये घुसलंय का ते न बघताही कळे. मावशी मला हे दाखवताना पत्त्यांचा जोड घेई आणि अंगठा असा फिरवी, की जणू खाचा अजून तिथे आहेत.

"पहिलीला राग यायचा का गं दुसरीचा?" मी एकदा विचारलं.

"राग कसला? माझी चूक तिने धरली तर साहेबापर्यंत जायची नाही. आणि तिची मी."

बँकेत आज एक जण व्यवहार टाकतो, दुसरा मंजूर करतो, आणि दोन्ही कामं एकाच माणसाला करता येत नाहीत. अशा किती यंत्रणांचे आराखडे मी पुढे काढले. देवनारच्या लोकसंख्या संस्थेची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३मध्ये सुरू झाली तेव्हा प्रश्नावल्या कागदी होत्या. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत पाहणी करणाऱ्यांच्या हातातच छोटे संगणक आले, आणि वय-वर्षांचा मेळ बसत नसेल तर यंत्र उत्तर देणाऱ्या बाईंच्या समोरच विचारू लागलं. मावशीच्या व्हेरिफायरचंच हे काम, फक्त आता घराच्या उंबऱ्यावर.

मावशीचा काळ सोपा नव्हता. कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसणार, या भीतीने विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या ठाकल्या होत्या. कलकत्त्यात तर आयुर्विमा महामंडळाच्या यंत्राविरुद्ध मोठं आंदोलन झालं. सरकारने या स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली ती पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली, तिचा अहवाल १९७२चा. बँकांत तर १९८३ साली संघटनांशी करार झाला तेव्हा कुठे दार किलकिलं झालं, आणि रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. दरम्यान १९७८मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आणि त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. मावशीच्या कचेरीत पंचिंगची यंत्रं गेली, पडद्याची आली. बोटं तीच राहिली. पडद्यावरच्या ओळीतही अक्षरं मात्र ८०च मावत, कारण कार्डावर ८० रकाने होते.

माझी पहिली नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये. गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून साकीनाक्याच्या रहदारीतून बस. काम कोबोलचं, गिऱ्हाईक परदेशातलं. आणि मग आलं वाय-टू-के. मुंबईतल्या माझ्या पिढीच्या कितीतरी जणांची घरं त्या एका चुकीवर उभी राहिली. चूक सगळ्यांना ठाऊक आहे: साल दोन अंकांत लिहिलेलं. १९७२ऐवजी ७२. म्हणजे २००० आलं की ००, आणि यंत्राला ते १९०० वाटणार. व्याज उणे येणार, नुकतं जन्मलेलं मूल पेन्शनला पात्र ठरणार.

लाखो ओळींतून तारखा शोधायच्या, हे आमचं रोजचं काम. काहींना आम्ही चार आकडे दिले. जिथे साठवलेली माहिती बदलणं परवडणारं नव्हतं तिथे मर्यादा घातली: ३०च्या खालचं साल आलं तर ते २०००च्या पुढचं समजायचं, वरचं आलं तर १९००च्या. रोग बरा झाला नाही, तारीख पुढची मिळाली.

मी मावशीला विचारलं, की तुम्ही दोन आकडे का टाकत होतात. ती हसली. "आम्ही कोण टाकणार? फॉर्मवर चौकटीच दोन होत्या." मग तिने हिशेब सांगितला. कार्डाचे ८० रकाने. त्यात पॉलिसी क्रमांक, नाव, हप्ता, जन्मतारीख, सुरुवातीची तारीख, मुदतीची तारीख. तीन तारखांमधून शतकाचे दोन-दोन आकडे वगळले की सहा रकाने वाचतात. सहा रकान्यांत आडनाव पुरं बसतं. नाहीतर दुसरं कार्ड, म्हणजे दुप्पट कागद, दुप्पट पंचिंग, दुप्पट तपासणी.

ज्याने हे ठरवलं तो मूर्ख नव्हता. त्याच्यापुढे ८० रकाने होते. रकाने गेले, कार्डं गेली, निर्णय मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरत राहिला, कारण त्याचं कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि यातच मला मावशीच्या व्हेरिफायरची मर्यादा दिसली. पहिलीने ७२ पंच केलं. दुसरीने ७२ टाइप केलं. यंत्राने उजव्या कडेला बिनचूक खाच पाडली. दोघींचं काम चोख, कार्ड चुकीचं. हात घसरला तर दुसरा हात पकडतो. चौकटच चुकीची असली, तर दोन काय आणि दहा हात काय, सगळे तीच चूक तितक्याच काळजीने करतात. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडेही हेच. एकाच कारखान्याची, एकाच तऱ्हेची तीन उपकरणं लावली आणि उष्णतेने तिन्ही एकाच वेळी बिघडली, तर तिनातले दोन काय करणार? म्हणून ती निरनिराळ्या बनावटीची, निराळ्या वाटेने तारा नेलेली असावीत. संशय घेतानासुद्धा एकाच प्रकारे घेऊ नये.

वाय-टू-केनंतरची माझी वर्षं बँका आणि पैशांच्या यंत्रणांत गेली. मुंबईत हे क्षेत्र तोवर झपाट्याने बदललं होतं. १९९२च्या रोखे घोटाळ्यानंतर दोन वर्षांत राष्ट्रीय शेअर बाजार पडद्यावर सुरू झाला, आणि १९९५मध्ये दलाल स्ट्रीटच्या रिंगणातली आरडाओरडही थांबली. आता व्यवहार एका यंत्रावर ठेवून भागणारं नव्हतं. यंत्र बंद पडलं तर? इमारतीत पाणी शिरलं तर? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी उरला नाही. म्हणून माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर, अनेक गावांत ठेवायच्या. पण प्रती ठेवल्या की तंटा आलाच. एक म्हणते खात्यात पाच हजार, दुसरी म्हणते चार. खरं कुणाचं?

उत्तर तेच: यंत्रं तीन किंवा पाच, विषम ठेवायची, आणि बहुमताने मान्य झालेलीच नोंद पक्की धरायची. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा याबद्दलचा गाजलेला लेख छापून आला १९९८ साली. आमच्या सभांमध्ये तो मोठ्या गांभीर्याने समजावून सांगितला जाई, आणि मला काकांचं मिटलेलं बोट दिसे. बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचं यंत्र बहुमताने कसं घडवावं, याचं गणित गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५६ सालीच छापलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेकडीमागे अप्सरा भट्टी सुरू झाली होती.

काकांचा दुसरा प्रश्न, कुठल्या बाजूला पडेल हा, पैशांत फार अवघड होतो. भट्टीला सुरक्षित बाजू एकच: बंद. पैशांचं तसं नाही. गोवंडी स्टेशनबाहेर भाजीवालीला फोनवरून चाळीस रुपये पाठवले. तुमच्या बँकेने कापले, तिच्या बँकेकडून उत्तर आलं नाही. काय झालं असेल? कदाचित निरोप पोहोचलाच नाही. कदाचित पोहोचला, पैसे जमाही झाले, आणि परतीचा होकार वाटेत हरवला. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरून चालणं ही नव्या इंजिनिअरची हमखास घसरण. तो पुन्हा पाठवतो, आणि भाजीवालीला ऐंशी मिळतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पैसे पुन्हा न देता आधीचंच उत्तर परत द्यायचं असतं. नानांच्या कार्डांवरचे शेवटचे आठ रकाने याच जातीचे. यूपीआय २०१६मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२३च्या एका महिन्यात त्यावर १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या पसाऱ्यात रोज काही ना काही बिघडतंच. पैसे मध्येच अडकले तर ते देणाऱ्याच्याच खात्यात परत पडले पाहिजेत, हे आधी ठरवलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त भाजी घेतात.

या म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहायला घेतल्या तेव्हा मी त्यांनाही त्यांचाच नियम लावला. एकाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. नानांची गोष्ट काकांना विचारली, काकांची भाऊंना, आणि तारखा छापील कागदाशी ताडून पाहिल्या. आठवणी फेराइटच्या कड्यांसारख्याच निघाल्या. दर वेळी सांगताना त्या पुन्हा लिहिल्या जात होत्या. खोका पडल्याच्या गोष्टीत कार्डं दर वर्षी वाढत गेली. टीडीसी-१२च्या वेळी आपण खोलीत होतो असं काका म्हणत. नाना म्हणत, हा तेव्हा दुसऱ्या इमारतीत होता. जिथे दोघांचं जुळलं तेवढंच इथे घेतलं आहे. कार्डांचा आकडा म्हणूनच 'शेकडो' एवढाच राहिला.

पण तिघांचंही जिथे पूर्ण एकमत होतं, तिथेच मला खरा दोष सापडला. कार्डं 'पंच होऊन येत', कडी 'ओवलेली असत', आकडे 'भरलेले असत'. कुणी पंच केली, कुणी ओवली, कुणी भरले, हे तिघांपैकी एकानेही कधी सांगितलं नाही. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. तिघेही एकाच बनावटीचे साक्षीदार होते. छापील इतिहासही त्याच बनावटीचा. त्यात संस्थांचे संचालक आहेत, यंत्रांची नावं आहेत, व्हॉल्व्हची संख्यासुद्धा आहे. पंचिंगच्या खोलीतल्या बायका नाहीत. मावशीला मी मुद्दाम वेगळी गाठली नसती, तर दोन आकडी सालाचं कारण मला तिघांत मिळून कधीच कळलं नसतं.

आता पुढची तारीखही येते आहे. जगातल्या असंख्य यंत्रणा १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ती जागा संपेल १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी पावणेनऊला. बऱ्याच यंत्रणांनी मोठी जागा घेतली आहे; राहिलेल्यांचं काम कुणाला तरी करावं लागेल, आणि त्याला पुन्हा तोच प्रश्न पडेल, की हे असं कुणी आणि का ठरवलं होतं.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या इमारतीत विमा कंपनीतून, टेलिफोनमधून, रेल्वेच्या हिशेब खात्यातून, बँकेच्या मशीन खात्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असेलच. त्यांना जाऊन विचारा, आणि साहेबांना विचाराल त्याआधी ऑपरेटर बाईंना विचारा. काय केलं हे त्या सांगतीलच. तसंच का केलं, ते खोदून विचारा. तारीख घालून वहीत लिहा, आणि दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा तपासून घ्या.

नाना आणि काका आता नाहीत. मावशी आहे, आणि तिला अजून सगळं आठवतं.